पडद्यावरची गोदावरी

मराठी सिनेमात गोदावरी म्हणजे नाशिक. निखिल महाजन दिग्दर्शित ‘गोदावरी’ (2021) हे त्याचे सर्वांत समर्थ उदाहरण. नायक निशिकांत घाटालगतच्या घरांची भाडी गोळा करतो. पिढ्यान् पिढ्या घराला चिकटलेल्या नदीवर त्याचा राग आहे, आणि मरण समोर आल्यावर तिच्याकडे पाठ फिरवणे त्याला जमत नाही. नदीला आई म्हणून ओवाळण्याऐवजी तिच्याशी भांडणारा माणूस उभा करणे, हे या चित्रपटाचे खरे धाडस. जितेंद्र जोशी यांना या भूमिकेसाठी इफ्फीत उत्कृष्ट अभिनेत्याचा, तर महाजन यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नाशिकला नदी अरुंद, दगडी पायऱ्यांत बांधलेली, गंगापूर धरणातून सुटेल तेवढ्या पाण्याची. पूर किती आला हे लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: गुडघ्याला लागला, कमरेला लागला. अशा नदीला कॅमेरा घाटावरूनच भिडतो. खाली राजमहेंद्रीला तीच नदी सुमारे तीन किलोमीटर रुंद होते, म्हणून तेलुगू पडद्यावर ती बोटीतून दिसते. बापूंचा ‘अंदाल रामुडू’ (1973) आणि शेखर कम्मुला यांचा ‘गोदावरी’ (2006) हे दोन्ही भद्राचलमच्या जलप्रवासावरच उभे आहेत.

या दोन टोकांमधली विदर्भाची गोदावरी पडद्यावर फारशी आलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरब गावाच्या परिसरातले पाणी अडाण नदीतून पैनगंगेला, तिथून वर्धेला जाते. वर्धा-वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत उतरते. गोदावरीच्या खोऱ्याचा सुमारे एकतृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. इथे तीर्थाचा गजबजाट थोडा. कपाशीची शेते, पावसाळ्यात भरणारे आणि उन्हाळ्यात आटणारे पात्र, आणि धरणांचा प्रश्न.

हा प्रश्न कॅमेऱ्यासमोर कसा मांडावा, हे नर्मदेवरच्या माहितीपटाने दाखवले आहे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’मध्ये (1995) सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या मणिबेलीसारख्या गावांचे लोक स्वतः बोलतात. पैनगंगेच्या काठीही निम्न पैनगंगा प्रकल्पात बुडणाऱ्या गावांचा विरोध अनेक वर्षे चालू आहे. ही माणसे, त्यांची शेते आणि त्यांची नदी मोठ्या पडद्यावर यायला हवीत.