अश्रुमार्गाचे क्ष-किरण चित्र

रडू आले की नाकही वाहू लागते, आणि डोळ्यांत औषधाचा थेंब घातला की थोड्या वेळाने त्याची कडू चव घशात उतरते. या दोन्ही अनुभवांचे कारण एकच आहे. डोळ्यापासून नाकापर्यंत एक बारीक वाट गेलेली असून, डोळा धुऊन झालेले पाणी तिच्यावाटे सतत निचरत असते. ही वाट तुंबली म्हणजे मनात दुःखाचा लवलेश नसतानाही गालावर पाणी ओघळू लागते. ही तक्रार क्षुल्लक समजून वर्षानुवर्षे अंगावर काढणारे पुष्कळ असतात. परंतु तुंबलेल्या जागी जंतू वाढतात, पू साचतो. आणि अशा स्थितीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली व ते जंतू डोळ्याच्या आत शिरले, तर दृष्टीच गमावण्याची वेळ येते. म्हणूनच मोतीबिंदू काढण्यापूर्वी ही वाट मोकळी आहे की नाही, हे तपासण्याचा प्रघात आपल्याकडील नेत्रवैद्यांनी पाळला आहे.

प्रथम या वाटेची रचना पाहू. वरच्या पापणीखाली, बाहेरच्या बाजूस अश्रुग्रंथी असते. तिच्यातून पाझरलेले पाणी पापण्यांच्या उघडझापीने डोळाभर पसरून नाकाकडील कोपऱ्याशी येते. तेथे दोन्ही पापण्यांच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे एकेक छिद्र असते. प्रत्येक छिद्रापासून सुमारे १० मिलिमीटर लांबीची नलिका निघते. बहुधा या दोन नलिका एकत्र होऊन अश्रुकोशात उघडतात. हा कोश म्हणजे नाकाच्या मुळाशी, हाडाच्या खोबणीत वसलेली लहानशी पिशवी होय. तिच्या तळापासून हाडाच्या आतून जाणारी नासाश्रुनलिका नाकात खालच्या बाजूस उघडते.

या भागाच्या रोगांकडे प्राचीनांचेही लक्ष गेले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्रसंधीच्या नऊ रोगांत ‘पूयालस’ सांगितला आहे. पू वाहणाऱ्या या रोगाचे अश्रुकोशाच्या दाहाशी साम्य दाखविले जाते. युरोपात डोमिनिक आनेल याने १७१३ च्या सुमारास बारीक सळई व पिचकारी यांच्या साहाय्याने ही वाट मोकळी करण्याची रीत घालून दिली. पिचकारीने पाणी घालून पाहण्याची परीक्षा आजही पहिली मानली जाते. पाणी घशात उतरले तर वाट मोकळी. उलटून आले तर बंद. मात्र वाट नेमकी कोठे व कशामुळे बंद आहे, याचे उत्तर या परीक्षेतून नेहमीच मिळत नाही.

१८९५ साली राँटगेनने आपल्याला सापडलेल्या अज्ञात किरणांस बीजगणितातील अज्ञात राशीचे चिन्ह दिले. मराठी बीजगणितात त्या राशीला ‘क्ष’ म्हणत असल्यामुळे आपल्याकडे ते ‘क्ष-किरण’ झाले. हे किरण हाडाला अडतात, मऊ भागांतून मात्र बव्हंशी पार होतात. अश्रुमार्ग पातळ त्वचेचा व पोकळ. त्याची स्वतंत्र छाया पडत नाही. यावर उपाय असा की, त्या पोकळीतच किरणांना अडविणारे द्रव्य भरावयाचे. अमेरिकन नेत्रवैद्य युइंग याने १९०९ मध्ये बिस्मथचा क्षार वापरून हा प्रयोग केला. पुढे आयोडीनयुक्त तेल आणि त्यानंतर पाण्यात मिसळणारी आयोडीनयुक्त द्रव्ये प्रचारात आली. आयोडीनचा अणुक्रमांक ५३, तर हाडातील कॅल्शियमचा २०. म्हणून थोडेसे आयोडीनही ठळक छाया पाडते.

या परीक्षेचे नाव ‘डॅक्रिओसिस्टोग्राफी’. त्यातील पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ अश्रू. हा शब्द, लॅटिन ‘लाक्रिमा’ आणि आपला ‘अश्रू’ ही एकाच कुळातील भावंडे असावीत असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. दुसऱ्या शब्दाचा अर्थ पिशवी, तिसऱ्याचा लेखन.

प्रत्यक्ष कृती फार वेळ घेत नाही. डोळ्यांत बधिर करणारे थेंब घालून पापणीचे छिद्र किंचित रुंद करतात व त्यात केसासारखी बारीक नळी बसवितात. तिच्यातून एक-दोन मिलिलिटर द्रव्य हळूहळू सोडीत समोरून व बाजूने चित्रे घेतात. बहुधा दोन्ही बाजूंची चित्रे घेण्यात येतात, म्हणजे निरोगी बाजूशी तुलना करता येते. द्रव्य भरण्यापूर्वीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा करण्याची सोय संगणकामुळे झाली आहे. त्यामुळे कवटीची हाडे पुसली जाऊन केवळ वाट शिल्लक राहते. आयोडीनयुक्त द्रव्याचे वावडे असल्यास किंवा गर्भारपण असल्यास तसे आधीच सांगणे अवश्य आहे. कोशाला तीव्र सूज असताना ही परीक्षा करीत नाहीत.

आता चित्राचा अर्थ कसा लावतात ते पाहू. कोश फुगलेला दिसला व त्याखाली काहीच उमटले नाही, तर अडथळा कोशाच्या तळाशी आहे. अशा वेळी मधले हाड काढून कोशाला नाकात नवे दार करून देतात. इटलीतील तोती याने १९०४ मध्ये वर्णिलेली ही शस्त्रक्रिया आजही, सुधारलेल्या रूपात, मुख्य उपाय आहे. परंतु कोश उमटलाच नाही, तर अडथळा पापणीच्या नलिकांत असण्याचा संभव असतो. तेथे केवळ नवे दार करून भागत नाही. कोशाच्या छायेत मध्येच रिकामी जागा दिसली, तर आत खडा किंवा गाठ असू शकते. गाठीची शंका असताना नेहमीची शस्त्रक्रिया उरकणे घातक ठरते. सारांश, शस्त्र कोठे चालवावे आणि कोठे थांबवावे, हे हे चित्र सांगते.

तथापि प्रत्येक रुग्णाला त्याची गरज नसते. बहुसंख्य वेळी पिचकारीची परीक्षा पुरेशी होते. अपघातात हाडे मोडली असतील, आधीची शस्त्रक्रिया फसली असेल किंवा गाठीची शंका असेल, तेव्हा चित्राचे मोल विशेष. शिवाय येथे द्रव्य जोर देऊन भरलेले असते. त्यामुळे वाट अरुंद असूनही मोकळी भासू शकते. वाट आपल्या गतीने वाहते की नाही, हे पाहण्यासाठी किरणोत्सर्गी द्रव्याचा थेंब डोळ्यांत घालून त्याचा प्रवास टिपण्याची निराळी पद्धत आहे.

तान्ह्या मुलांत नलिकेच्या नाकाकडील तोंडावर पातळ पडदा राहिल्यामुळे डोळा वाहतो. वैद्याने दाखविल्याप्रमाणे कोशावर मालिश केल्यास तो बहुतेकांत वर्षाच्या आत आपोआप उघडतो. प्रौढांचे मात्र तसे नाही. एकाच डोळ्यातून सतत पाणी येणे, आतला कोपरा दाबताच पू येणे, तेथे गाठ लागणे किंवा रक्तमिश्रित अश्रू येणे, यांपैकी काहीही आढळल्यास नेत्रवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये; रक्त वा गाठ असेल तर मुळीच नाही.