दोन औषधे म्हणजे दुप्पट गुण नव्हे

हैदराबादच्या कोठीतल्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८-८९ मध्ये दोन आयोगांमार्फत क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाच्या चाचण्या घडवून आणल्या. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने एक हजार पौंड दिले आणि लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन आले. निष्कर्ष ठाम होता: आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून, तेव्हा नाडी सोडा, श्वासावर नजर ठेवा. पुढे १९११ मध्ये लेव्ही या संशोधकाने दाखवले, की हलक्या क्लोरोफॉर्मखाली अ‍ॅड्रेनलिन मिळाले तर हृदय एकाएकी कोलमडू शकते. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. न विचारलेल्याचे उत्तर माणसे गृहीत धरतात.

हाच धोका आज यकृताच्या बळावलेल्या कर्करोगातही आहे; त्यावर औषधांच्या जोड्या दिल्या जातात. त्यातली एक जोडी खरोखर कसाला उतरली. अटेझोलिझुमॅब प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडते, बेव्हॅसिझुमॅब गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखते. ५०१ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर जोडीवरचे सुमारे ६७ टक्के रुग्ण हयात होते, एकट्या सोराफेनिब या जुन्या औषधावरचे सुमारे ५५ टक्के. पण म्हणून कोणतीही दोन चांगली औषधे एकत्र केली की झाले, असे नाही. लेनव्हॅटिनिबला पेम्ब्रोलिझुमॅबची जोड दिली तेव्हा जगण्याच्या काळाचा मध्यक २१.२ महिने आला. नुसत्या लेनव्हॅटिनिबचा १९. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असेच गणित सांगते. कॅबोझँटिनिब-अटेझोलिझुमॅब जोडीने गाठीची वाढ अधिक काळ रोखली, आयुष्य मात्र वाढवले नाही.

यावर कुणी म्हणेल, मरणाच्या दारातल्या माणसाला चाचणीत अर्ध्यावर का ठेवायचे, दोन्ही औषधे देऊन टाका की! राग समजण्यासारखा आहे. पण वरच्या लेनव्हॅटिनिबच्या चाचणीत एकाच औषधावर राहिलेल्यांचे फारसे काही गेले नाही; उलट दुसऱ्या औषधाचे दुष्परिणाम टळले. खर्चाचे ओझे वेगळेच. हैदराबादच्याच नॅटको कंपनीला २०१२ मध्ये सक्तीचा परवाना मिळाला, तेव्हा कुठे सोराफेनिब महिन्याला २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० वर आले. आणि ते एकच औषध होते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: या चाचण्यांत मुख्यतः यकृत बऱ्यापैकी काम करत असलेले रुग्णच घेतले जातात. सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्या चाचणीत आधी दुर्बिणीने त्या शिरा तपासणे सक्तीचे होते. कावीळ उतरत नाही, पोटात पाणी साचले आहे, अशा रुग्णाला ६७ टक्क्यांचा आकडा ऐकवणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरण्याची लॉरींचीच चूक. अशा रुग्णांसाठी वेगळ्या चाचण्या हव्यात, आणि त्या आपल्या सरकारी रुग्णालयांत व्हायला हव्यात. तोवर जोडी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: यकृत किती काम करते हे सांगणारी चाइल्ड-प्यू श्रेणी कोणती, आणि दुर्बिणीची तपासणी झाली का?