गुप्तचरांबद्दल आपण जे धरून चालतो

हिंदी चित्रपटांनी आपल्या डोक्यात रॉचा एक अधिकारी पक्का बसवला आहे. तो परदेशात शिरतो, गोळ्या झाडतो, देशद्रोह्याला बेड्या ठोकतो. प्रत्यक्षात रॉ किंवा आयबी, दोघांनाही अटकेचे अधिकार नाहीत. आयबीला सुगावा लागला तरी दार ठोठावायला पोलीसच जातात. एनआयए अटक करते, पण ती 2008 मध्ये उभी राहिलेली तपास यंत्रणा आहे. गुप्तचरांचं काम माहिती मिळवणं, पडताळणं आणि निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर वेळेत ठेवणं. देशांतर्गत काम आयबीचं, देशाबाहेरचं रॉचं. 1962 आणि 1965 च्या युद्धांनंतर आयबीचा परदेशी विभाग वेगळा काढून 1968 मध्ये रॉ स्थापन झाली. रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख.

हल्ला झाला की लगेच म्हटलं जातं, 'कुणाला काही कळलंच नाही.' हा समज मला सर्वात घातक वाटतो, कारण त्यामुळे खरा दोष झाकला जातो. 26/11 पूर्वी समुद्रमार्गाने हल्ला होऊ शकतो, ताज हॉटेल लक्ष्य असू शकतं, असे इशारे आलेले होते. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने अशा इशाऱ्यांच्या राज्य पातळीवरील हाताळणीत गोंधळ असल्याचं दाखवून दिलं. माहिती होती, ती कुणी एकत्र वाचायची, कोणत्या ठाण्याला काय सांगायचं, पुढे पाठपुरावा कुणी करायचा, हे ठरलेलं नव्हतं. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीनेही यंत्रणांमधल्या समन्वयावर बोट ठेवलं होतं. तिच्या अहवालाचा बराचसा भाग 2000 साली संसदेत मांडला गेला आणि पुढच्याच वर्षी आयबीत मल्टी एजन्सी सेंटर सुरू झालं. अपयशाची उघड चिकित्सा केल्यामुळेच ही सुधारणा झाली.

'त्यांना काही विचारताच येत नाही,' हेही अर्धसत्य. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 ने या संस्थांना सूट आहे, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांशी संबंधित माहितीला ती सूट लागू नाही. फोनही कुणाच्या मर्जीने ऐकता येत नाही. 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून त्यासाठी गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश, ठरावीक मुदत आणि फेरआढावा समिती अशी चौकट आहे. मात्र या समितीत सगळे सरकारी सचिवच बसतात, न्यायाधीश एकही नाही. मला ही तरतूद अपुरी वाटते.

शेवटचा गैरसमज म्हणजे संसदेची देखरेख आली की गुपितं फुटतील. ब्रिटनने एमआय5 ला 1989 मध्ये आणि एमआय6 ला 1994 मध्ये कायद्याच्या चौकटीत आणलं. अमेरिकी सिनेटची गुप्तचरविषयक स्थायी समिती 1976 पासून आहे. या यंत्रणांचं काम त्यामुळे थांबलेलं नाही. आपल्याकडे 1887 ची आयबी आणि 1968 ची रॉ, दोन्ही कार्यकारी आदेशांवरच चालतात. त्यांची स्थापना करून अधिकार आखून देणारा कायदा संसदेने केलेला नाही. खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये असं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही.