लेखांक ७ : लोहाची एकमेव वाट

फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी निर्वासितांनी जे शहर वसवलं, त्याला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं. बीटा थॅलेसेमियाचं जनुक सिंधी समाजात देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आढळतं, त्यामुळे इथे हा आजार परका नाही. (लोहाणा, कोळी, सारस्वत यांच्यातही ते कमी नाही, एकाच समाजाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.) आजार तीव्र असेल तर वरचेवर रक्त घ्यावं लागतं, आणि रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात सुमारे २०० मिलिग्रॅम लोह येतं. निरोगी माणूस अन्नातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम घेतो आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच. म्हणजे दोष पिशवीचा? पुरता नाही. क्वचितच रक्त घ्यावं लागणाऱ्या थॅलेसेमिया इंटरमीडियाच्या रुग्णांच्या यकृतातही लोह साठतं. ते आतड्यातून आलेलं असतं, आणि ते का येतं हे कळायला गेल्या लेखांकातलं पेशीपटल पुन्हा पाहावं लागतं.

आतड्याच्या पेशीतून रक्ताकडे जाताना लोहाला फेरोपोर्टिन या पटलातल्या प्रथिनातूनच जावं लागतं. ते २००० साली सापडलं. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे २५ अमिनो आम्लांचं संप्रेरक त्याला चिकटलं, की पेशी फेरोपोर्टिनला आत ओढून मोडून टाकते, हे २००४ मध्ये दिसलं. मग २०२०च्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या रचनेने नवं काय सांगितलं, असं कुणी विचारेल. दोन गोष्टी सांगितल्या. फेरोपोर्टिनच्या दोन भागांमधली पोकळी बाहेरच्या बाजूने उघडी असताना हेप्सिडिन तिच्यात बुचासारखं बसतं. म्हणजे प्रथिन मोडायच्या आधीच वाट बंद झालेली असते. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: हेप्सिडिनचं एक टोक पोकळीतल्या धातूच्या अणूलाच थेट भिडतं. लोह हजर असेल तर त्याची पकड सुमारे ८० पट घट्ट होते. यावरून असं दिसतं की हेप्सिडिन सरसकट सगळ्या फेरोपोर्टिनवर नव्हे, तर लोह वाहणाऱ्यांवरच नेम धरतं. नुसतं प्रथिनांचं प्रमाण मोजून हे उमगलं नसतं.

त्या रचनेत लोहाऐवजी कोबाल्ट वापरला होता, शिवाय ते गोठलेलं चित्र, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून रुग्णांकडे पाहायचं. फेरोपोर्टिनमधलं ३२६ क्रमांकाचं सिस्टीन बदललेल्या माणसांमध्ये हेप्सिडिन भरपूर असूनही वाट बंद होत नाही आणि लोह साठतं. थॅलेसेमियात याच्या उलट घडतं: फेरोपोर्टिन शाबूत, पण हेप्सिडिन कमी. लाल पेशी बनवायला धडपडणारा अस्थिमज्जेचा भाग एरिथ्रोफेरॉन सोडतो (२०१४ साली सापडलेलं), ते हेप्सिडिन दाबतं, आणि लोह भरपूर असतानाही आतडं आणखी शोषत राहतं.

थॅलेसेमिया मायनर असलेल्यांच्या, म्हणजे या जनुकाच्या नुसत्या वाहकांच्या, लाल पेशीही लहान दिसतात आणि लोहाची कमतरता समजून गोळ्या सुरू होतात. तेव्हा हिमोग्लोबिन कमी आलं, तर महिनोन्‌महिने गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांकडून फेरिटिन आणि हिमोग्लोबिन ए-२ या तपासण्या करून घ्या; लग्न ठरवण्याआधी तर दुसरी नक्कीच.