साताऱ्याचा पिनकोड फोडताना

सांगलीचा पिनकोड ४१६४१६, साताऱ्याचा ४१५००१. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. पत्र कुठल्या टपाल कार्यालयात न्यायचे, एवढेच या अंकांनी सांगायचे होते. पण त्यांच्याकडे निव्वळ संख्या म्हणून पाहिले, तर शेजारच्या या दोन गावांचे स्वभाव अगदीच निराळे निघतात.

सांगली मनमोकळी. तीन अंकी संख्या दोनदा लिहिली की तिला आपोआप १००१ने गुणले जाते आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. उरलेल्या ४१६मध्ये पाच वेळा २ आणि आणखी एक १३. त्यामुळे ४१६४१६ला तब्बल ७२ विभाजक आहेत. शिवाय अंकांची बेरीज २२ आणि २२ने या संख्येला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले.

सातारा मात्र ताकास तूर लागू देत नाही. ४१५००१चे वर्गमूळ ६४४च्या किंचित पुढे, म्हणून तिथपर्यंतच्या ११७ मूळ संख्यांनी भागून पाहिले की निकाल लागतो. २, ३, ५, ७, ११ कशानेच भाग जात नाही. ८३ला तर बाकी फक्त १ उरते! ओळीने १११ मूळ संख्या वाया जातात. एखादा तोवर ‘ही मूळच संख्या’ म्हणून वही मिटून मोकळा होईल. ११२वी मूळ संख्या ६१३, तिने भाग जातो. उत्तर येते ६७७, तीही मूळच.

एवढा खटाटोप टाळता येतो. नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त (इ.स. १३५६) त्याची रीत आहे, युरोपात ती सुमारे तीनशे वर्षांनी फर्माच्या नावाने रूढ झाली. दिलेल्या संख्येच्या लगेच वरची वर्गसंख्या घ्यायची आणि वजाबाकी करायची. ६४५चा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ गेले, उरले १०२४, म्हणजे ३२चा वर्ग. झाले! ६४५ उणे ३२ म्हणजे ६१३, ६४५ अधिक ३२ म्हणजे ६७७. वजाबाकी एकच.

हे इतक्या झटपट जमले, कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या फार जवळ आहेत. १९७७मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी शोधलेली आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार जगजाहीर असतो, अवयव गुप्त. २०४८ बिटांची अशी संख्या लिहायची तर ६१७ अंक लागतात. पण अंक कितीही असोत, दोन्ही मूळ संख्या जवळजवळच्या निवडल्या तर नारायण पंडितांची वजाबाकी कुलूप उघडते. म्हणून किल्ली तयार करताना दोन्ही संख्यांमध्ये पुरेसे अंतर आहे ना, हे तपासण्याचा नियम आहे. साताऱ्याचे ६१३ आणि ६७७ त्यात पहिल्याच फेरीत बाद झाले असते.