कोशकारांचें जग

शब्दकोश उघडणाऱ्यास बहुधा एका शब्दाचा अर्थ तेवढा हवा असतो. परंतु कांहीं शब्द असे असतात कीं, त्यांचा अर्थ सांगतांना कोशकारास आपली सारी जीवनदृष्टि उघड करावी लागते. ‘वर्ल्ड’ हा इंग्रजी शब्द त्यांपैकींच होय. त्याला मराठी प्रतिशब्द कोणता, असें विचारल्यास ‘जग’ हें उत्तर कोणीहि तत्काळ देईल. पण जुने कोश चाळले म्हणजे हें उत्तर किती अपुरें आहे तें ध्यानांत येतें.

मुळांत हा शब्द स्थलवाचक नव्हता. जुन्या इंग्रजींत त्याचे दोन अवयव होते. एकाचा अर्थ ‘मनुष्य’ व दुसऱ्याचा ‘वय’ किंवा ‘युग’. मनुष्याचा काळ, त्याचें आयुर्मान, हा त्याचा आद्य अर्थ. पृथ्वी आणि तारांगण हीं त्यांत मागाहून आलीं. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश लंडन येथें १७५५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या एका शब्दाखालीं दहांहून अधिक अर्थ अनुक्रमानें दिले आहेत. आरंभीं लॉक या तत्त्ववेत्त्याच्या आधारें सर्व वस्तुजाताची एकवट कल्पना सांगितली आहे. पुढें पृथ्वीचा गोल, इहलोकचें अस्तित्व, मठाबाहेरील लौकिक जीवन, कामधंद्याची दगदग, मोठा जनसमुदाय आणि लोकांच्या चालीरीति असे अर्थ येतात. अमेरिकेंत नोआ वेब्स्टर यांनीं १८२८ सालीं काढलेल्या कोशावर बायबलाची छाया दाट आहे. म्हणून ईश्वराला विसरून विषयसुखांत गुंतलेले लोक, हीहि छटा तेथें ठळक दिसते.

असा बहुरूपी शब्द मराठींत आणतांना काय होतें? कंपनी सरकारच्या लष्करांतील अधिकारी जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्याची शब्दसंख्या सुमारें साठ हजारांवर गेली. त्यांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनीं पुरा करून १८४७ सालीं प्रसिद्ध केला. एका इंग्रजी शब्दासमोर अनेक मराठी शब्द मांडण्याचा प्रसंग अशा कोशांत पदोपदीं येतो, आणि त्या शब्दांचीं कुळें निरनिराळीं असतात. ‘जगत्’ म्हणजे जें चालतें तें. ‘संसार’ म्हणजे वाहत जाणें. ‘प्रपंच’ म्हणजे विस्तार. ‘विश्व’ म्हणजे सर्व. ‘दुनिया’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ अलीकडची, जवळची, म्हणजे परलोकाच्या अलीकडची. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीं मनुष्य आहे. आपल्या शब्दांच्या मुळाशीं बहुधा गति आणि विस्तार आहेत.

हा भेद केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाहीं. एखाद्या साधूनें ‘वर्ल्ड’ सोडलें, असें इंग्रजी वाक्य भाषांतरकारापुढें आलें, तर त्यानें काय लिहावें? ‘त्यानें जग सोडलें’ असें लिहिल्यास साधूचा मृत्यु झाला, असें वाचक समजेल. ‘त्यानें संसार सोडला’ असें लिहिल्यास तो बायकोमुलांना टाकून गेला, अशी समजूत होईल. मग तो आजन्म ब्रह्मचारी कां असेना! मराठींत नवदांपत्य संसार थाटतें, जग थाटीत नाहीं. चूल, भांडीं, मुलेंबाळें आणि भवचक्र हीं सर्व एका शब्दांत सामावणारी ही भाषा आहे. चुकीचा प्रतिशब्द पडला तर धर्मग्रंथाचा आशय पालटतो आणि गृहस्थाश्रमावर नसता दोष येतो.

या प्रश्नाचा विचार करतांना वर्धा जिल्ह्याची आठवण होणें साहजिक आहे. मोल्सवर्थ यांची दुसरी आवृत्ति निघाली तेव्हां हा जिल्हा अस्तित्वांतहि नव्हता. तो नागपूर जिल्ह्यापासून १८६२ सालीं वेगळा झाला. पुढें याच जिल्ह्यांत विनोबा भावे यांनीं आईच्या इच्छेला अनुसरून गीता सोप्या मराठींत आणली. ‘गीताई’ १९३२ सालीं छापली गेली. डिसेंबर १९४९ मध्यें जगांतील शांतिवाद्यांच्या परिषदेची एक बैठक सेवाग्राम या खेड्यांत भरली. भूदानाच्या पदयात्रेंत, १९५७ सालीं, विनोबांनीं ‘जय जगत्’ हा घोष दिला. येथें शब्दाची निवड पाहण्याजोगी आहे. ‘संसार’ म्हटलें असतें तर घरगुती अर्थ आडवा आला असता. ‘विश्व’ म्हटलें असतें तर ग्रहताऱ्यांपर्यंत दृष्टि गेली असती. ‘जगत्’ या शब्दांत चालणारें, जिवंत, माणसांनीं गजबजलेलें जग आहे. आणि तो घोष दिला गेला तोहि चालत असतांनाच.

म्हणून इंग्रजी पुस्तकांत हा शब्द भेटला कीं, पहिला प्रतिशब्द उचलून पुढें जाऊं नये. येथें पृथ्वीचा गोल अभिप्रेत आहे, लोक आहेत, ऐहिक व्यवहार आहे कीं मनुष्याचें आयुष्य, हें आधीं पाहावें. कोश अर्थांची यादी देतो. त्यांतून योग्य अर्थ निवडण्याचें काम वाचकाचें असतें.