हाडातल्या रॉडला संसर्ग झाला, तर औषध थेट तिथेच

पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर दुचाकी घसरते आणि नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर येते. लोकलमधून पडलेल्यांच्या जखमाही अशाच. विलेपार्ल्याच्या कूपर किंवा घाटकोपरच्या राजावाडीसारख्या पालिका रुग्णालयांत असे जखमी नेहमीच येतात. रॉड किंवा प्लेट बसते, टाके निघतात, रुग्ण घरी जातो. काहींची जखम मात्र महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाझरू लागते.

गोळ्या घेतल्या की ती सुकते, गोळ्या थांबल्या की पुन्हा वाहते. याचे कारण धातूत आहे. धातूला रक्तपुरवठा नसतो आणि जंतू त्याच्यावर ‘बायोफिल्म’ नावाचा चिकट थर तयार करून आत दडतात. रक्तातून येणारे अँटिबायोटिक या थराला पुरे पडत नाही. डोस वाढवावा, तर मूत्रपिंडाला धोका.

मग औषध थेट जागेवरच ठेवले तर? हॅम्बुर्गचे सर्जन बुखहोल्झ यांनी १९७०च्या सुमारास कृत्रिम सांधा बसवण्याच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळले. हे सिमेंट बांधकामाचे नव्हे. पूड आणि द्रव कालवून घट्ट होणारे अॅक्रिलिक. घट्ट होताना ते तापते, त्यामुळे जेंटामायसिन, व्हँकोमायसिन अशी उष्णता सोसणारी औषधेच त्यात चालतात. पुढे या सिमेंटचे मणी तारेत ओवून जखमेत ठेवण्याची पद्धत आली. तयार मणी महाग पडतात, म्हणून अनेक सर्जन ऑपरेशन थिएटरमध्येच हाताने मणी वळतात. जखमेत औषधाची मात्रा रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त राहते, रक्तात मात्र ते थोडेच उतरते.

पण मणी म्हणजे जादू नव्हे. मेलेले हाड आणि सडलेले मांस आधी खरवडून काढावेच लागते. सैल झालेला रॉडही बदलावा लागतो. सिमेंटमधले बहुतेक औषध पहिल्या काही दिवसांतच बाहेर पडते. नंतर मणी काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

सर्वांत मोठी अडचण रुग्णालयाबाहेर आहे. जखम पाझरली की मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणले जाते. मग तपासणीच्या नमुन्यात जंतूच वाढत नाही आणि मण्यांत कोणते औषध घालायचे, हेच ठरत नाही.

कॅल्शियम सल्फेटचे मणी शरीरात विरघळतात, दुसरी शस्त्रक्रिया वाचते. ते विरघळताना जखमेतून पांढरट पाणी येऊ शकते. दरवेळी तो पू नसतो. तरीही ते डॉक्टरांना दाखवावे, घरी गोळी सुरू करू नये.